शिबिरातली शुगर आणि बाबासाहेबांचा विमा

१४ एप्रिल आला की उल्हासनगर कॅम्प ५ मध्ये आम्ही आरोग्य शिबिर भरवतो. बोटाला सुई टोचायची, आकडा सांगायचा, पंधरा दिवसांच्या गोळ्या द्यायच्या. पुढे काय? पुढे काहीच नाही. या चुकीत आम्हीही भागीदार आहोत, हे आधीच कबूल करतो.

मधुमेह बाबासाहेबांनाही होता. १९४८ साली संविधानाच्या मसुद्याचे काम चालू असतानाच त्यांचा आजार बळावला. मुंबईत डॉ. मालवणकरांचे उपचार झाले. १५ एप्रिल १९४८ रोजी विवाह झाल्यावर डॉ. सविता माईंनी त्यांचे औषध, पथ्य आणि रोजची देखरेख सांभाळली. या आजारात औषधाइतकीच न तुटणारी देखरेख लागते, हे त्यातून दिसते. पण घरात डॉक्टर किती जणांच्या असतो?

म्हणूनच बाबासाहेबांचे दुसरे काम आठवले पाहिजे. ते १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात, १९४३ मध्ये, प्रा. अदारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम सोपवले गेले. १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला आणि त्यातून पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. मालक आणि कामगार दोघांनी वर्गणी भरायची, उपचार हक्काने घ्यायचा. उपकार म्हणून नव्हे!

उल्हासनगर १९४९ चे. लष्करी छावणीत फाळणीचे निर्वासित वसले, कारखाने आले, विमा रुग्णालयही आले. मग आमची माणसे बाहेर का? कारण कायदा दहा कामगारांपासून लागू होतो, आणि जीन्सच्या छोट्या कारखान्यात पीसवर काम करणाऱ्यांचे नाव कुठल्याच रजिस्टरात नसते. धागा कटिंग करणाऱ्या आमच्या एका ताईंची शुगर शिबिरातच कळली. केसपेपरच्या रांगेत दिवसाचा खाडा, हातात पंधरा दिवसांच्या गोळ्या. दोन खेपा झाल्या, तिसरी झाली नाही. पायाची जखम चिघळली, तेव्हा बोट कापावे लागले.

कॅम्पात राहणाऱ्यांनी उपचारही कॅम्पापुरतेच घ्यायचे का?

आमची मागणी साधी आहे. महिन्याची औषधे एकदम द्या. संध्याकाळची ओपीडी ठेवा. तीन महिन्यांनी एचबीए१सी, वर्षातून एकदा डोळे आणि पाय तपासा. पीसवरच्या कामगाराचे नाव विम्यात घ्या. आणि आम्ही? पुढच्या जयंतीला नवे शिबिर भरवण्याआधी, गेल्या वर्षीच्या यादीतले प्रत्येक दार ठोठावू.

जय भीम!