सामना पुढे ढकलायचा कोणी?

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फुटबॉल खेळायचा तर दोन शत्रू सांभाळावे लागतात. उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो आणि पावसाळ्यात काळी माती बुटांना अशी चिकटते की पोरांना धावण्याऐवजी पायच उपसत बसावे लागते. उन्हामुळेच विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. त्या उघडतात न उघडतात तोच सुब्रतो चषकाच्या तालुका आणि जिल्हा फेऱ्या दारात उभ्या. ही शालेय स्पर्धा १९६० साली सुरू झाली. वरच्या फेरीला वेळेत संघ पाठवायचा, तर खालच्या फेऱ्या भर पावसात उरकण्यावाचून गत्यंतर नसते. क्रीडाशिक्षक म्हणून मी अनेक वर्षे मुले घेऊन अशा सामन्यांना गेलो. ‘आज सामना होणार की नाही?’ हा प्रश्न दरवर्षी ऐकला. मग या प्रश्नाचाच इतिहास धुंडाळण्याचा छंद लागला.

फुटबॉल आपल्याकडे गोऱ्या पलटणींबरोबर आला. १८९१ साली मुंबईत सुरू झालेला रोव्हर्स चषक पहिल्यांदा जिंकला तो वूस्टरशायर रेजिमेंटने. कोलकात्यात २९ जुलै १९११ रोजी मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे हरवून आयएफए शील्ड मिळवली, तेव्हा त्यांच्या अकरा खेळाडूंपैकी दहा जण अनवाणी होते. महिना पावसाळ्याचाच. थोडक्यात, पाऊस हे सामना न खेळण्याचे कारण असू शकते, हे आपल्या परंपरेला फारसे मान्यच नाही. चिखल हा खेळाचाच भाग, अशी आपली धारणा.

नियमांनुसार सामना थांबवण्याचा वा रद्द करण्याचा अधिकार रेफरीचा. तो मैदानावर फिरतो, चेंडू आपटून पाहतो आणि निर्णय देतो. पण निसर्ग हट्टाला पेटला की हा एकट्याचा निर्णय अपुरा पडतो. १९६२-६३ च्या हिवाळ्यात इंग्लंड गोठले. एफए चषकाची तिसरी फेरी ५ जानेवारीला सुरू झाली ती ११ मार्चला संपली. २६१ वेळा सामने पुढे ढकलावे लागले. तिथे सामन्यांच्या निकालांवर पैज लावण्याचा मोठा धंदा होता. सामनेच नाहीत म्हटल्यावर धंदा बुडू लागला, तेव्हा जाणकारांची एक समिती बसवली गेली. न झालेल्या सामन्यांचे ‘निकाल’ ती ठरवून देऊ लागली! सामना न होण्याची किंमत कोणाला तरी मोजावी लागते आणि ज्याचा खिसा रिकामा होतो तो निर्णयावर दबाव आणतो, हा त्यातला धडा.

थंडीचा बंदोबस्त डोळ्यांनी करता येतो, बर्फ दिसतो. ऊन मात्र फसवते. १९५० च्या दशकात अमेरिकी सैन्यात कवायतीच्या वेळी जवान उष्माघाताने कोसळू लागले, तेव्हा शास्त्रज्ञांनी एक नवे मोजमाप तयार केले. त्याला ‘वेट बल्ब ग्लोब टेंपरेचर’ म्हणतात. त्यात ओल्या फडक्याने गुंडाळलेल्या तापमापीला ७० टक्के भार, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्याला २० टक्के आणि आपल्या नेहमीच्या तापमापीला फक्त १० टक्के. म्हणजे हवेतला दमटपणा सर्वांत महत्त्वाचा, कारण घाम वाळलाच नाही तर शरीर थंड होणार कसे? हेच मोजमाप पुढे फुटबॉलने उचलले. ते ३२ अंशांवर गेले की पाणी पिण्यासाठी खेळ थांबवायचा, असे ठरले. २०१४ च्या विश्वचषकात नेदरलँड्स-मेक्सिको सामन्यात असा विराम घेतला गेला आणि कतारमधला २०२२ चा विश्वचषक तर उन्हाळ्यातून उचलून नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये नेला गेला.

आपल्यासाठी यातला अर्थ असा, की मे महिन्यातल्या कोरड्या ४४ अंशांची आपण धास्ती घेतो. पण पहिल्या सरीनंतरचे ढगाळ, दमट ३६ अंश अंगाला अधिक घातक ठरू शकतात. ‘आता ऊन उतरले’ म्हणत आपण नेमके तेव्हाच मुलांना मैदानावर उतरवतो. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला महाराष्ट्र भूषण सोहळ्यात उष्माघाताने १४ जणांचा बळी गेला. त्या दिवशी त्या भागातले तापमान ३८ अंशांच्या आसपास होते. यवतमाळकर ज्या आकड्याला हसतील, त्या आकड्याने तिथे माणसे नेली.

निर्णय कधी रेफरीच्या हातातून पार न्यायालयात जातो. २०१६ च्या दुष्काळात लातूरला रेल्वेने पाणी पोहोचवले जात होते. तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएल क्रिकेट सामने महाराष्ट्राबाहेर हलवण्याचा आदेश दिला. त्यात नागपूरचे सामनेही गेले. मोठ्या खेळाला दुसरे शहर मिळते. २३ सप्टेंबर २०२२ रोजी नागपूरजवळच्या जामठ्याला मैदान ओले राहिले, तर भारत-ऑस्ट्रेलिया सामना प्रत्येकी ८ षटकांचा करून उरकता आला. शाळेच्या संघाला यातले काहीच मिळत नाही. उमरखेडहून शंभरावर किलोमीटर प्रवास करून आलेल्या पोरांना ‘उद्या या’ म्हणणे सोपे नाही. गाडीभाडे पुन्हा कोण देणार? आईबापांची मजुरी पुन्हा कोण बुडवणार? म्हणून सगळे म्हणतात, ‘आलेच आहेत, तर खेळून घ्या.’

पण खरा धोका बऱ्याचदा मैदानावर नसतोच. तो वाटेवर असतो. २८ सप्टेंबर २०२१ रोजी उमरखेड तालुक्यात दहागावच्या नाल्याला पूर असताना पुलावरून निघालेली एसटी बस वाहून गेली आणि त्यात माणसे दगावली. जुलै २०२३ मध्ये महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पुराने वेढले, तेव्हा हवाई दलाची मदत मागवावी लागली. त्या वेळी कोणत्या मैदानावर किती चिखल होता, याला काय अर्थ?

रेफरी मैदान पाहतो. पण नाला पाहत नाही. म्हणून माझे मत असे झाले आहे, की सामन्याचा निर्णय सकाळी मैदानावर नव्हे, तर आदल्या संध्याकाळी व्हायला हवा. हवामान खात्याचा पिवळा, नारिंगी, लाल इशारा आता प्रत्येकाच्या मोबाइलवर येतो. वीज कडाडल्यापासून तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर मैदान सोडायचे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचे, हा साधा नियम कोणत्याही शिक्षकाला पाळता येतो. वेळापत्रकात एक राखीव दिवस आणि लांबच्या संघांच्या परतीच्या भाड्याची तरतूद आधीच असेल, तर ‘नाही’ म्हणणाऱ्याच्या मागे बळ उभे राहते. सामना पुढच्या आठवड्यात खेळता येतो. फक्त तोवर अकराच्या अकरा जण घरी सुखरूप असले पाहिजेत.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)