हलगी

गेल्या महिन्यात तालुक्याच्या गावी, विहाराच्या अंगणात, नव्या पोरांच्या कलापथकाचा कार्यक्रम ऐकला. सुरुवातच हलगीने झाली आणि मी दचकलो. १९५६ च्या धर्मांतरानंतर माझ्या आजोबांनी हलगी टाकली; गावकीच्या हुकमाने वाजवणे ही गुलामीच, असे ते म्हणत. त्याआधी १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांच्या जलशाने तमाशाचाच साचा घेतला, आशय मात्र बदलला आणि आंबेडकरी विचार खेडोपाडी नेला. २००४ साली निधन होईपर्यंत वामनदादा कर्डक त्याच वाटेने गात राहिले. ही पोरे त्यांचीच वारसदार. आजोबांनी सक्ती झुगारली, म्हणूनच यांना हलगी स्वखुशीने उचलता आली. कार्यक्रमानंतर मी ती हातात घेतली. वाजवता मात्र आली नाही.