कवीचे दप्तर आणि त्याची मोजदाद



आजचा विषय वाचून आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. वर्गणीच्या पावत्या फाडण्यात आणि मालकांशी वाटाघाटी करण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्या आम्ही कवीच्या कागदपत्रांविषयी काय बोलावे? आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि सार्वजनिक वाचनालयात अधिक झाले. काव्याची चिकित्सा हा आमचा प्रांत नव्हे. परंतु दप्तर हा शब्द आमच्या रोजच्या कामातला आहे, आणि आज आम्ही बोलणार आहोत ते दप्तराविषयीच.

प्रारंभ घरापासूनच करू. आपल्या कुही तालुक्यात वैनगंगेच्या काठी अंभोरा आहे. मुकुंदराजांनी 'विवेकसिंधु' तेथेच रचला असे आपण अभिमानाने सांगतो. मराठवाड्यातील मंडळी तोच मान अंबेजोगाईला देतात. ग्रंथाचा काळ शके १११०, म्हणजे इ.स. ११८८, असा सांगितला जातो. त्यावरही पंडितांचे एकमत नाही. हा वाद इतकी वर्षे का चालला? मुकुंदराजांच्या हातची पोथी आपल्यापर्यंत आली नाही. आल्या त्या नकला. नकलाकाराने एखादे अक्षर बदलले, एखादे गाळले, की गाव बदलते आणि शतकही बदलते.

आता याच तालुक्यातील मांढळ पाहा. तेथे वाकाटक राजांचे ताम्रपट मिळाले. ते दीड हजार वर्षांहून जुने आहेत, तरी त्यांतील पत्र्यांचा क्रम लावण्यात विद्वानांना फारसे श्रम पडत नाहीत. अशा ताम्रपटाच्या पत्र्यांना भोक पाडून त्यांतून कडी ओवीत आणि कडीला राजमुद्रा लावीत. दानपत्र हे जमिनीच्या हक्काचे कागद होते. पत्रा निसटला तर हक्क निसटेल, हे ते देणारे आणि घेणारे दोघेही जाणून होते. कवीच्या कागदांना अशी कडी नसते. ती मागाहून कोणीतरी ओवावी लागते, आणि त्या कामालाच आम्ही मोजदाद म्हणतो.

याचे आपल्या जवळचे आणि आधुनिक काळातले उदाहरण म्हणजे गजानन माधव मुक्तिबोध. मराठी घरात जन्मून ते हिंदीचे थोर कवी झाले. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र हे मराठीतील नामांकित कवी व कादंबरीकार. गजानन माधवांचा जन्म १३ नोव्हेंबर १९१७ रोजी ग्वाल्हेर संस्थानातील श्योपूर येथे झाला. १९४८ साली ते नागपुरास आले आणि पुढची दहा वर्षे तेथेच राहिले. प्रथम सरकारी माहिती खाते, मग आकाशवाणी, आणि त्यानंतर 'नया खून' हे साप्ताहिक, अशा त्यांनी नोकऱ्या केल्या. १८७७ साली सुरू झालेली एम्प्रेस मिल त्या वेळी जोरात चालू होती. ती २००२ साली बंद पडली. मिलच्या मजुरांवर गोळीबार झाला तेव्हा मुक्तिबोध बातमीदार म्हणून तेथे हजर होते आणि त्या प्रसंगाची छाया 'अँधेरे में' या त्यांच्या दीर्घ कवितेवर पडली, असे त्यांचे स्नेही सांगत. आम्हां कामगारवर्गातील माणसांना या कवीची ओढ लागली ती येथून.

१९५८ साली ते राजनांदगावच्या महाविद्यालयात अध्यापक म्हणून गेले. १९६४ च्या प्रारंभी त्यांना पक्षाघाताने गाठले. प्रथम भोपाळला आणि मग दिल्लीला उपचार झाले, परंतु ११ सप्टेंबर १९६४ रोजी दिल्लीस त्यांचे निधन झाले. वय अवघे सेहेचाळीस. हयातीत त्यांचा एकही स्वतंत्र कवितासंग्रह त्यांच्या हाती पडला नाही. 'चाँद का मुँह टेढ़ा है' हा पहिला संग्रह स्नेह्यांनी सिद्ध केला, आणि तो १९६४ सालीच निघाला. मागे राहिले ते कागदांचे गठ्ठे. एकेका कवितेचे अनेक खर्डे होते आणि बहुतेकांवर तारीख नव्हती. कोणता खर्डा आधीचा, कोणता शेवटचा, हे सांगणारा माणूस निघून गेला होता.

हे काम पुढे त्यांचे जुने मित्र नेमिचंद्र जैन यांनी अंगावर घेतले. १९८० साली 'मुक्तिबोध रचनावली' सहा खंडांत प्रसिद्ध झाली. म्हणजे कवीच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांनी. 'अँधेरे में' विषयी तेथे नोंद आहे की तिचा संभाव्य रचनाकाल १९५७ ते १९६२, आणि शेवटचा संस्कार १९६२ चा. त्यातला 'संभाव्य' हा शब्द आम्हांस फार मोलाचा वाटतो. मोजदाद करणाऱ्याने जे ठाऊक तेवढे सांगावे, अंदाज असेल तेथे अंदाज म्हणावे, आणि अंदाजाला पुराव्याचा पोशाख चढवू नये. दुसरी अडचण नावांची. 'नया खून'मध्ये मुक्तिबोधांनी अवंतीलाल गुप्त या टोपणनावानेही लिहिले. यादी करणाऱ्यास हे ठाऊक नसेल, तर कवीचे लेखन दुसऱ्याच्या खात्यावर जमा होईल. अशा वेळी पत्रे उपयोगी पडतात. मुक्तिबोध आणि नेमिचंद्र यांचा पत्रव्यवहार 'पाया पत्र तुम्हारा' या नावाने १९८४ साली प्रसिद्ध झाला. पत्रावर बहुधा तारीख असते, गाव असते आणि पाकिटावर टपालाचा शिक्का असतो. बिनतारखेच्या कवितेला असे तारखेचे पत्र साक्षीदार मिळते.

ही मोजदाद प्रत्यक्षात कशी करतात? प्रथम काही हलवावयाचे नाही. पेटी उघडली की कोणता कागद कशाखाली होता, कोणत्या वहीत होता, कशात गुंडाळला होता, याची टिपणी करावयाची. मग पेटीला क्रमांक, पुडक्याला क्रमांक, पानाला क्रमांक. तोही पेन्सिलीने, कारण शाई कागदात उतरते. गंजलेल्या टाचण्या हलक्या हाताने काढावयाच्या आणि चिकटपट्टी कधीही लावावयाची नाही. प्रत्येक नोंदीत कागदाचा आकार, शाईचा रंग, खाडाखोड आणि पाठीमागचा मजकूर टिपावयाचा. पाठीमागे किराणा मालाचा हिशेब असला तरी तोही टिपावयाचा, कारण त्या हिशेबावरूनच एखादे वेळी वर्ष कळते. हयात माणसांची खाजगी पत्रे ठराविक मुदतीपर्यंत मोहोरबंद ठेवावयाची. कागदांचा मूळचा क्रम मोडू नये, हा नियम तीन डच दप्तरदारांनी १८९८ साली आपल्या ग्रंथात घालून दिला. आज जगभर तो मानला जातो.

हा नियम आम्ही ग्रंथात वाचला तो उशिरा. त्याआधी तो मोडून बसलो होतो. एका कारखान्यातून निवृत्त झालेल्या कामगाराने आपली सारी कागदपत्रे युनियनच्या कचेरीत आणून दिली. हजेरीच्या चिठ्ठ्या आणि पगाराच्या पावत्या त्याने वर्षावर्षांच्या पुरचुंड्या करून, जुन्या कॅलेंडरच्या पानांत बांधून ठेवल्या होत्या. आम्ही मोठ्या हौसेने त्या सोडल्या, चिठ्ठ्या एकीकडे आणि पावत्या दुसरीकडे लावल्या, आणि कॅलेंडरची मळकी पाने टाकून दिली. पुढे ग्रॅच्युइटीचा दावा लागला. १९७२ च्या कायद्याप्रमाणे पाच वर्षांची सलग नोकरी दाखवावयाची होती. चिठ्ठ्यांवर दिवस होता, महिना होता, वर्ष नव्हते. वर्ष होते ते आम्ही फेकलेल्या कॅलेंडरांवर. दावा बुडाला. तो गृहस्थ आम्हांस एक शब्दही बोलला नाही. "भाऊ, तुम्ही तर भल्यासाठीच केलं," इतकेच म्हणाला आणि बसस्टँडकडे चालू लागला. त्या दिवसापासून दुसऱ्याचे दप्तर आवरताना आमचा हात कचरतो.

परदेशातही हेच घडले आहे. पोर्तुगालचा कवी फर्नांदो पेसोआ १९३५ साली वारला. त्याने मागे एक पेटारा ठेवला होता, आणि त्यातल्या कागदांची संख्या पंचवीस हजारांच्या वर गेली. त्या कागदांतून त्याचा प्रसिद्ध गद्यग्रंथ निघाला तो १९८२ साली, मृत्यूनंतर सत्तेचाळीस वर्षांनी. तुकड्यांचा क्रम कवीने ठरविलेला नव्हता; म्हणून निरनिराळ्या संपादकांनी तो निरनिराळा लावला, आणि वाचकांस एकच ग्रंथ अनेक रूपांत मिळाला. तरीही हे चालू शकले, कारण मूळ कागद लिस्बनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात क्रमांक घालून ठेवलेले आहेत. संपादक चुकला तर दुसऱ्याला मूळ कागदाकडे परत जाता येते. अंभोऱ्याच्या वादात आपल्याला कोठे परत जाता येते?

म्हणून आमचे सांगणे एवढेच आहे. आपल्या गावात कोणी कविता लिहिणारे शिक्षक असतील, कोणी दंडार रचणारे शाहीर असतील, कोणी चळवळीची रोजनिशी ठेवणारे असतील. ते गेल्यावर घर रंगवावयास काढतात आणि रद्दीवाला दाराशी उभा राहतो. त्या दिवशी एक काम करावे. पेटी जशी आहे तशी बांधावी, वर नाव, गाव आणि तारीख लिहावी, आणि जाणत्या माणसास बोलावून यादी करावयास सांगावे. ती यादी करणाऱ्यास त्याच्या श्रमाचे दाम द्यावे आणि यादीवर त्याचे नावही घालावे. यात आमचा युनियनवाला स्वभाव दिसतो हे आम्ही जाणतो. पण मोजणी हीसुद्धा मजुरीच आहे.

मुक्तिबोधांना नेमिचंद्रांसारखा मित्र लाभला. आमच्या त्या कामगाराला आम्ही लाभलो. पुढच्यांच्या वाट्याला कोण येईल, हे आपल्या हाती आहे.