शोध घेणारा आणि संशयित

गुन्हेगारीपटांच्या प्रेक्षकाला एक कथासूत्र चांगले परिचयाचे आहे. खून होतो, हुशार पोलीस अधिकारी तपास हाती घेतो, पुरावे गोळा करीत जातो आणि मध्यंतराच्या सुमारास त्याच्या ध्यानात येते की, सारा पुरावा आपल्याच दिशेने बोट दाखवीत आहे. ज्याने बेड्या घालायच्या, त्याच्याच हातांत बेड्या पडण्याची वेळ येते. हे सूत्र चित्रपटाइतके नवे नाही. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात सोफोक्लीज या ग्रीक नाटककाराने रंगविलेला ईडिपस राजा आधीच्या राजाच्या खुन्याचा शोध आरंभतो आणि अखेर तो खुनी आपणच, हे त्याला उमगते. बायबलमधील दानिएलच्या ग्रंथात सुसान्नेवर आळ घेणारे दोघे वडीलजन हे लोकांचे न्यायाधीशच होते. तरुण दानिएलाने त्यांना वेगळे करून, कोणत्या झाडाखाली तिला पाहिले, एवढेच विचारले. दोघांनी दोन निराळी झाडे सांगितली आणि न्यायासनावरचे आरोपी ठरले.

वाचकहो, या सूत्राचा आपल्या मुलखाशी जवळचा संबंध आहे. पाचगणीहून पसरणीचा घाट उतरला की वाई लागते. प्रकाश झा यांच्या ‘गंगाजल’ (२००३) या चित्रपटाचे चित्रीकरण याच वाई परिसरात झाले. कृष्णाकाठचे हे गाव पडद्यावर बिहारमधील तेजपूर झाले. कैद्यांच्या डोळ्यांत आम्ल ओतणारे पोलीस, ही त्या चित्रपटाची कल्पना बिहारमधील भागलपूर येथे १९७९-८० मध्ये घडलेल्या सत्य घटनांची आठवण करून देते. कायद्याचे रक्षकच तेथे संशयित होते. तथापि वाईच्या मातीत या विषयाचे त्याहून जुने आणि थोर स्मरण रुजलेले आहे.

३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्याच्या शनिवारवाड्यात अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला. त्यांचे चुलते रघुनाथराव त्या वेळी त्याच वाड्यात नजरकैदेत होते. खुनानंतर सत्ता त्यांच्याच हाती आली व साताऱ्याच्या छत्रपतींकडून त्यांनी पेशवाईची वस्त्रेही मिळविली. खुनाच्या चौकशीचे काम आले ते साताऱ्याजवळच्या माहुलीचे सुपुत्र न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांच्याकडे. ज्या सत्तेच्या नावाने चौकशी चालावयाची, त्या सत्तेचा धनीच संशयाच्या छायेत, असा हा विलक्षण पेच होता.

ग्रँट डफ हा १८१८ ते १८२२ या काळात साताऱ्यात इंग्रजांचा प्रतिनिधी होता. १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात त्याने या चौकशीची हकीकत दिली आहे. रामशास्त्रींनी सुमारे सहा आठवडे शांतपणे पुरावा गोळा केला आणि मग थेट रघुनाथरावांपुढे आरोप मांडला. नारायणरावांना धरण्याचा हुकूम आपण दिला होता, हे रघुनाथरावांनी कबूल केले. मूळ कागद पाहता ‘धरावे’च्या जागी ‘मारावे’ असा बदल झालेला दिसला. ही अक्षरे आनंदीबाईंनी फिरविली, असे परंपरा सांगते. ‘ध चा मा’ ही म्हण त्यातूनच रूढ झाली. आधुनिक इतिहासकार या तपशिलाकडे सावधपणे पाहतात आणि ते योग्यच आहे. एका स्त्रीच्या माथी इतका मोठा डाग लावण्यापूर्वी पुरावाही तेवढाच भक्कम हवा.

आता प्रायश्चित्त काय, असे रघुनाथरावांनी विचारले, तेव्हा देहान्ताखेरीज दुसरे प्रायश्चित्त नाही, असे शास्त्रीबुवांनी सुनावले. मग पद सोडून ते वाईजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले. बारभाईंचा कारभार सुरू झाल्यावर त्यांना सन्मानाने परत बोलावण्यात आले. बारभाईंतील नाना फडणवीस यांचा मेणवलीचा वाडाही वाईपासून हाकेच्या अंतरावर आहे. १९४४ साली ‘प्रभात’ने ‘रामशास्त्री’ हा चित्रपट काढला आणि गजानन जागीरदार यांच्या रूपाने हा न्यायाधीश मराठी घराघरांत पोहोचला.

हे सारे आज का आठवावे? २५ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईत मुकेश अंबानी यांच्या निवासस्थानाजवळ जिलेटिनच्या कांड्या ठेवलेली मोटार सापडली. प्रारंभीचा तपास गुन्हे शाखेतील सहायक पोलीस निरीक्षक सचिन वाझे यांच्याकडे होता. त्या मोटारीशी संबंध असलेल्या ठाण्यातील एका व्यापाऱ्याचा मृतदेह मार्चच्या आरंभी खाडीत मिळाला आणि १३ मार्च रोजी राष्ट्रीय तपास यंत्रणेने खुद्द वाझे यांनाच अटक केली. याच अधिकाऱ्यावर घाटकोपर बॉम्बस्फोटातील संशयित ख्वाजा युनूस याच्या २००३ मधील कोठडीतील मृत्यूप्रकरणी पूर्वीच आरोप झाला होता. त्यासाठी २००४ मध्ये निलंबित झालेले वाझे २०२० साली सेवेत परतले होते. दोषाचा निर्णय न्यायालयाने करावयाचा असतो. परंतु ख्वाजा युनूसच्या आईला मुलाचा मृतदेहसुद्धा मिळाला नाही, एवढी गोष्ट निकालाची वाट न पाहताही आपल्याला अस्वस्थ करावयास पुरेशी आहे.

या प्रश्नाची दुसरी बाजूही तितक्याच गांभीर्याने पाहिली पाहिजे. तेलगी मुद्रांक घोटाळ्यात मुंबईचे पोलीस आयुक्त रणजितसिंग शर्मा यांना निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी, १ डिसेंबर २००३ रोजी अटक झाली. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला आणि पुढे ते त्या खटल्यातून मुक्त झाले. मधल्या काळात चव्हाट्यावर त्यांचा न्याय केव्हाच होऊन गेला होता. चित्रपटात संशयित निर्दोष असेल तर दोन-अडीच तासांत त्याची सुटका होते. प्रत्यक्षात वर्षे जातात आणि गेलेले नाव सहसा पूर्वीसारखे परत येत नाही.

म्हणून दोन गोष्टी एकत्र धराव्या लागतात. संशयाला वर्दी, पदवी वा गादी यांची अडवणूक होता कामा नये आणि संशय म्हणजे दोष नव्हे, याचाही विसर पडू नये. रामशास्त्रींनी दोन्ही पाळल्या. आरोप करण्यापूर्वी सहा आठवडे त्यांनी घाई केली नाही आणि पुरावा हाती आल्यावर क्षणभर कच खाल्ली नाही. त्यांची आठवण आपण अभिमानाने काढतो. परंतु पडद्यावरचा अधिकारी खटल्यावाचून गोळी घालतो, तेव्हा टाळ्या वाजविणारे हातही आपलेच असतात. ज्या गोळीला आपण टाळी देतो, तिच्यापुढे कधी निरपराध माणूस उभा असेल, तर त्याच्या बाजूने बोलणारा शास्त्री आपण कोठून आणणार?