हिंदीची वंशावळ आणि वाङ्मयेतिहास

भाषा आधी अस्तित्वात असते आणि तिच्या वाङ्मयाचा इतिहास मागाहून लिहिला जातो, असे आपण सामान्यतः गृहीत धरतो. हिंदीच्या बाबतीत हे गृहीतक तपासून पाहावे लागते. आजची प्रमाण हिंदी दिल्ली-मेरठ परिसरातील खडीबोलीवर उभी आहे. मात्र तिच्या परंपरेचे मानदंड ठरलेले तुलसीदासांचे 'रामचरितमानस' अवधीत, सूरदासांची पदे ब्रजभाषेत, तर विद्यापतींची पदावली मैथिलीत आहे. ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणात ब्रज पश्चिमी हिंदीत, अवधी पूर्वी हिंदीत आणि मैथिली बिहारी गटात येते. उलट, जिचे व्याकरण खडीबोलीचेच आहे ती उर्दू या परंपरेबाहेर राहते. तेव्हा ही एकता व्याकरणाने सिद्ध झालेली नाही, हे उघड आहे.

तिची घडण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या लिपिविवादात शोधावी लागते. १८९३ साली काशीत नागरी प्रचारिणी सभा स्थापन झाली. १९०० मध्ये वायव्य प्रांताच्या न्यायालयांत फारसी लिपीच्या जोडीने नागरीला मुभा मिळाली. याच सभेने 'हिंदी शब्दसागर' हा कोश सिद्ध केला आणि त्याची भूमिका म्हणून रामचंद्र शुक्लांनी केलेले लेखन १९२९ मध्ये 'हिंदी साहित्य का इतिहास' या ग्रंथाच्या रूपाने आले. लिपी, कोश आणि इतिहास यांचे उगमस्थान एकच असावे, हा केवळ योगायोग म्हणता येत नाही.

तथापि या निवडीला निव्वळ धार्मिक म्हणणे अपुरे ठरेल. शुक्लांनी मीर-गालिबांची परंपरा बाजूस ठेवली, पण सूफी कवी जायसींना मात्र गौरवाचे स्थान दिले. त्यांची ग्रंथावलीही संपादित केली. त्यांचा निकष धर्मापेक्षा काव्यभाषेच्या व छंदाच्या देशी परंपरेचा होता. मात्र उर्दूचे 'परकेपण' त्या निकषात आधीच गृहीत होते, ही त्याची मर्यादा होय.

या वंशावळीची किंमत पूर्वजांनाच मोजावी लागली. १८८५ मध्ये निवर्तलेल्या भारतेंदूंनी गद्य खडीबोलीत लिहिले, काव्य मात्र मुख्यतः ब्रजभाषेत. १९०३ पासून 'सरस्वती'चे संपादक असलेल्या महावीरप्रसाद द्विवेदींनी काव्यासाठीही खडीबोलीचा आग्रह धरला. काही दशकांतच, शतकानुशतके काव्यभाषा असलेली ब्रज 'बोली' ठरली. तिचा भूतकाळ हिंदीचा झाला. तिला स्वतःचा भविष्यकाळ उरला नाही.

हा प्रश्न आजही मिटलेला नाही. २०११ च्या जनगणनेत हिंदीखाली सुमारे ५२.८ कोटी भाषक नोंदले गेले. त्यांपैकी 'हिंदी' हेच मातृभाषेचे नाव सांगणारे सुमारे ३२.२ कोटी होते. भोजपुरी, राजस्थानी, अवधी अशा कितीतरी भाषा उरलेल्या संख्येत सामावल्या आहेत. मैथिलीला २००३ च्या घटनादुरुस्तीने आठव्या अनुसूचीत स्वतंत्र स्थान मिळाले. मग विद्यापती कोणाचे? हिंदीचे महत्त्व भाषकसंख्येवर तोलण्यापूर्वी तिच्या वाङ्मयेतिहासाने या प्रश्नाला सामोरे गेले पाहिजे. अनेक भाषांचा सामायिक वारसा म्हणून त्याची पुनर्मांडणी झाली, तर हिंदीचे मोठेपण उणावणार नाही. ते अधिक सत्याधिष्ठित होईल.