आराधी गायिका

तुळजाभवानी, येडेश्वरी या देवींची गाणी म्हणणाऱ्या, धाराशिव जिल्ह्यात ठळकपणे भेटणाऱ्या भक्त स्त्रिया. तुळजाभवानीचे तुळजापूर आणि येडेश्वरीचे येरमाळा ही दोन ठाणी जोडणारा रस्ता येडशीवरून जातो. नवरात्रात आणि येरमाळ्याच्या चैत्री पौर्णिमेच्या यात्रेत त्यांच्या गाण्यांचा सूर या पट्ट्यात घुमतो.

गळ्यात कवड्यांची माळ, हाती परडी, कपाळी मळवट. एकीने ओळ टाकायची, बाकीच्यांनी झेलायची. साथीला संबळ, तुणतुणे, झांज. आवाज उघडा, वरच्या पट्टीतला; रियाजी गुळगुळीतपणा त्याला शोभणारही नाही. देवीचा पोत (मशाल) पाजळला की लय चढते.

बायकांच्या लोकगाण्याची रूपे इतरही आहेत. मराठवाड्यातल्याच कडूबाई खरात एकतारीवरच्या भीमगीतांनी यूट्यूबवरून घरोघरी पोचल्या. तिकडे दूर, सुदानी स्त्रियांची ‘अघानी अल-बनात’ ही गाणी दलुका या मातीच्या ढोलावर, प्रामुख्याने लग्नघरी रंगतात.