रूळ गेले, वाट राहिली

३ जुलै १९५७ च्या सकाळी शिकागोच्या पश्चिम उपनगरांतले चाकरमानी रोजच्या विजेच्या गाडीने शहरात कामाला गेले. दुपारी कोर्टाची परवानगी हातात पडताच रेल्वे कंपनीने प्रवासी गाड्या बंद करून टाकल्या. संध्याकाळी घरी परतायला गाडीच नव्हती. ‘शिकागो, अरोरा अँड एल्जिन’ या कंपनीला तोही दिवस पुरा करायचा नव्हता, इतका तिचा जीव मेटाकुटीला आला होता. शहरात शिरणारा नवा द्रुतगती मार्ग बांधायचा म्हणून १९५३ पासून तिच्या गाड्यांना शहराच्या मध्यापर्यंत जाणे बंद झाले होते. प्रवाशांना वाटेतच उतरून दुसरी गाडी धरावी लागे. लोक वैतागून मोटारींकडे वळले. मालगाड्या आणखी दोन वर्षे रखडत चालल्या आणि मग तो मार्ग ओस पडला.

अमेरिकेत आज बंद रेल्वेमार्गांवर हजारो मैलांच्या पायवाटा आणि सायकलवाटा आहेत. ‘रेल-ट्रेल’ म्हणतात त्यांना. त्यांच्या कुळाची एक शाखा या ओस पडलेल्या पट्ट्यावर फुटली. मे थीलगार्ड वॉट्स या वनस्पतींच्या जाणकार बाई. शिकागोजवळच्या मॉर्टन आर्बोरेटम या वृक्षोद्यानात त्यांनी वर्षानुवर्षे लोकांना झाडे, गवत, ओढे वाचायला शिकवले होते. १९६३ च्या सप्टेंबरात, वयाच्या सत्तरीत, त्यांनी ‘शिकागो ट्रिब्यून’च्या संपादकांना पत्र लिहिले. इंग्लंडमधल्या सार्वजनिक पायवाटा त्यांनी पाहिल्या होत्या. तशी वाट इथे होऊ शकते, पण या पट्ट्यावर पुष्कळांचा डोळा आहे, तेव्हा ठरवायचे ते लवकर ठरवा, असा पत्राचा रोख. पत्राने माणसे जमली, संस्था उभी राहिली. ड्यूपेज काउंटीने जमीन घेतली आणि चालण्यासाठी ती संस्थेला भाडेपट्ट्याने दिली. झुडपे तोडणे, कचरा उचलणे हे सगळे लोकांनी सुटीच्या दिवशी स्वतः केले. ही ‘इलिनॉय प्रेअरी पाथ’.

दुसरी शाखा शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यात. एलरॉय ते स्पार्टा हा १८७३ चा ३२ मैलांचा मार्ग राज्याने १९६५ मध्ये घेतला आणि दोन वर्षांत सायकलींना खुला केला. त्यावर तीन बोगदे आहेत. सर्वांत लांब बोगदा ३,८१० फुटांचा. आत दिवा नाही, छतातून पाणी ठिबकते, सायकलवरून उतरून टॉर्चच्या उजेडात चालावे लागते. बोगद्यांच्या तोंडाशी दरवाजे आहेत, वाड्याच्या दिंडीदरवाजाला लाजवतील एवढे. हिवाळ्यात आत मुरलेले पाणी गोठून दगड फुटू नये म्हणून ते लावून घेत. गाडी यायची झाली की पहारेकरी ते उघडी, गेली की पुन्हा लावी. सायकलींना हा मार्ग मानवला त्याचे कारण मात्र अगदी साधे आहे: आगगाडीला खडा चढ चढता येत नाही. इंजिनियरांनी डोंगर पोखरून आणि भराव टाकून जो मंद उतार साधला, तो आजीला आणि नातवाला फुकटात मिळाला. रूळ आणि स्लीपर उचलायचे, खडीवर चुनखडीचा चुरा दाबून बसवायचा, की झाली वाट.

यातली पहिली कोणती, यावर अमेरिकेत अजून हिरिरीने बोलले जाते. इंग्लंडातल्या मॅनिफोल्ड खोऱ्यातली बंद रेल्वे १९३७ मध्येच पायवाट झाली होती, हे त्या वेळी कुणी काढत नाही.

खरी अडचण जमिनीची होती. पुष्कळ ठिकाणी रेल्वे कंपन्या जमिनीच्या मालक नव्हत्याच. एकोणिसाव्या शतकात त्यांनी शेतकऱ्यांकडून नुसता वहिवाटीचा हक्क घेतला होता. गाडी धावते आहे तोवर हक्क. मार्ग सोडला की जमीन ज्याची त्याला परत. आपल्याकडे पाणंदीचे जे होते तेच मग तिथे व्हायचे: एकाने बांध कोरला की दुसराही कोरतो आणि चार पावसाळ्यांत पाणंद नकाशावरच उरते. तीस मैलांच्या मार्गातला शंभर यार्डांचा तुकडा गेला तरी वाट तुटली. १९१६ साली अमेरिकेत सुमारे २ लाख ५४ हजार मैल रेल्वेमार्ग होते. १९८० च्या कायद्याने कंपन्यांना तोट्यातले मार्ग सोडणे सोपे केले आणि शंभर वर्षांत जोडलेले पट्टे भराभर विरू लागले.

१९८३ मध्ये अमेरिकी काँग्रेसने यावर तोडगा काढला. मला तो कुठल्याही कारकुनाला अभिमान वाटावा असा वाटतो. कायद्यात एवढेच घातले, की एखाद्या सरकारी किंवा खासगी संस्थेने मार्गाची देखभाल, कर आणि अपघाताची जबाबदारी अंगावर घेतली, तर तो मार्ग ‘सोडला’ असे धरायचे नाही. रेल्वे आहेच, तूर्त झोपली आहे. उद्या तिला परत यायचे झाले तर वाट तिला द्यायची. मधल्या काळात लोकांनी चालावे. काही मोजक्या ठिकाणी रेल्वे खरोखर परतलीही आहे. बाकी सगळीकडे ती झोपलेलीच आहे आणि तिने उठू नये अशीच चालणाऱ्यांची इच्छा असणार.

शेजारच्या जमीनमालकांना ही सोंगबाजी वाटली, आणि त्यांचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. आजोबांनी रेल्वेला वाट दिली होती, सायकलवाल्यांना नव्हे. व्हरमाँटमधल्या प्रेसो दांपत्याचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९९० मध्ये न्यायालयाने एकमताने निकाल दिला: कायदा वैध, पण कुणाची जमीन त्यामुळे गेली असेल तर भरपाई मागायला दार उघडे आहे. पुढे १९९६ मध्ये त्यांना भरपाईचा हक्क असल्याचे अपील न्यायालयाने मान्य केले. असे दावे अजूनही चालू आहेत आणि पैसे जातात केंद्राच्या तिजोरीतून.

वाट बांधायला पैसा कुठून आला, ही गोष्ट याहून गमतीची. मिसुरीत १९८६ च्या पुरात नदीकाठचा ‘केटी’ रेल्वेचा मार्ग खचला. कंपनीने तो सोडायचे ठरवले, तेव्हा टेड जोन्स या शेअर दलालीतल्या धनिकाने आणि त्याच्या पत्नीने २२ लाख डॉलर दिले म्हणून तो राज्याला घेता आला. असा दाता प्रत्येक गावाला कुठला मिळायला? १९९१ च्या वाहतूक कायद्याने त्याची सोय लावली. महामार्गांसाठी गोळा होणाऱ्या इंधनकराच्या पैशातला ठरावीक हिस्सा चालण्या-सायकलींसारख्या कामांसाठी बाजूला काढला. त्याच वर्षी बर्फावरच्या मोटारी आणि आडरानात हाकायच्या दुचाक्यांच्या पेट्रोलवरचा कर रानवाटांकडे वळवला. त्याची वाटणीही ठरली: ३० टक्के यंत्राच्या वाहनांना, ३० टक्के पायी, सायकल, घोडा यांना, उरलेले ४० टक्के एकाहून अधिक प्रकारे वापरल्या जाणाऱ्या वाटांना. स्थानिक संस्थेने साधारण पाचवा हिस्सा घालायचा. तो रोख नसला तरी चालतो, दान मिळालेली जमीन, सामान आणि श्रमदान यांचीही किंमत धरतात. ज्या मोटारींनी शिकागोची गाडी बसवली, त्यांच्याच टाकीतून वाटेचा खर्च निघू लागला.

या कुळातली सर्वांत मिरवणारी लेक न्यूयॉर्कची हाय लाइन. मॅनहॅटनच्या पश्चिमेला खांबांवरून धावणारा हा मालगाडीचा मार्ग १९८० पासून बंद होता. खालच्या जमिनींच्या मालकांना तो पाडून हवा होता. शहराने २००५ मध्ये त्यांना न वापरता येणारे बांधकामाचे हक्क आसपासच्या भूखंडांसाठी विकायची मुभा दिली. हा टीडीआर, म्हणजे बांधकामाच्या हक्कांची अशी विक्री, मुंबईकराला वेगळा समजावून सांगायला नको. विरोध मावळला, त्याच वर्षी रेल्वे कंपनीने सांगाडा शहराला दिला आणि २००९ मध्ये वर बाग खुली झाली. तिलाही १९८३ चाच कायदा लागू आहे, म्हणजे कागदोपत्री तिथून उद्या मालगाडी जाऊ शकते. सायकलला मात्र तिथे बंदी आहे.